मेल सर्व्हर नव्या व्हर्जनवर न्यायचा आहे अन् डोमेनही बदलायचं आहे – आधी काय करू?

दारव्हा_लाइन
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका छोट्या नागरी सहकारी बँकेत मी आयटी पाहतो, म्हणजे सीबीएसच्या (बँकेच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या) व्हेंडरला फोन लावण्यापासून शाखेतल्या यूपीएसपर्यंत सगळंच. आमचा मेल सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर आहे, मेल पाठवा-घ्यायला पोस्टफिक्स २.१०, मेलबॉक्स उघडून द्यायला डोव्हकॉट २.२, ब्राउझरमधून वाचायला वरून राउंडक्यूब, युजर मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये अन् ते सांभाळायला पोस्टफिक्सअ‍ॅडमिन. चालून राहिला होता नीट, पण सेंटओएस ७ चे अपडेट ३० जून २०२४ ला बंद झाले अन् यंदा ऑडिटरनं ते रिपोर्टमध्ये ठळक लिहिलं. दुसरीकडं आरबीआयचं २२ एप्रिल २०२५ चं परिपत्रक, सगळ्या बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत डॉट बँक डॉट इन वर जायचं. आमची वेबसाइट वेळेत गेली, मेल मात्र अजून जुन्याच डॉट कॉमवर आहे.

आता साहेबांचं म्हणणं की दोन्ही एकाच दमात करून टाक, लोकांना एकदाच त्रास. मला ते पटून नाही राहिलं पण समोर बसून कारण नीट सांगता आलं पाहिजे. साठच्या वर मेलबॉक्स आहेत, मेलडिर फॉरमॅट (प्रत्येक मेलची वेगळी फाइल), सगळं मिळून १८० जीबीच्या आसपास. निम्मे लोक आउटलूकमध्ये पीओपी३ वर (मेल आपल्या मशीनवर उतरवून घेणारे), त्यात काही विंडोज ७ वाले. मुख्य शाखेत फायबर बरी आहे, बाकी ठिकाणी रस्त्याचं काम निघालं की जेसीबीनं केबल तुटते मग डोंगलवर चालतं. नवीन सर्व्हर आल्मालिनक्स ९ ठरून राहिला आहे. ज्यांनी असं काम केलं त्यांनी क्रम सांगा.

वर्धाकाठ
भाऊ, दोन्ही एका दमात बिलकुल करू नका. कारण साधं हाये. सोमवारी सकाळी शाखेतून फोन आला की मेल येऊन नाई राहिला, तं तुमाले समजलं पाह्यजे कुठं पाहाचं. दोन्ही बदललं असन तं डीएनएस (डोमेनच्या नोंदी) पाहाल, का सर्टिफिकेट पाहाल, का लॉगिनचं नाव, का नव्या डोव्हकॉटची सेटिंग? एकच बदललं तं शोधाची जागा एकच राहते.

अन् दोन्ही कामं मुळातच वेगळी हायेत. सर्व्हर बदलणं हे मशीनचं काम हाये, वापरणाऱ्याले समजलंही नाई पाह्यजे, तेच नाव, तोच पासवर्ड, तेच फोल्डर. डोमेन बदलणं हे माणसायचं काम हाये, कोणाकोणाले तुमचा पत्ता माहीत हाये, कोणत्या पोर्टलवर टाकला हाये, कोणत्या मशीनमध्ये भरून ठेवला हाये. पहिलं एका सुटीत होते. दुसरं साल-दोन साल चालते अन् जुनं डोमेन तं मी म्हणतो सोडाचंच नाई. पण त्याच्यावर मंग लिहितो.

पहिल्या कामासाठी दुसरा शनिवार धरा, शनिवार-रविवार दोन्ही दिवस बँक बंद राहते. मार्चअखेर नको, अन् एप्रिल ते जून पीककर्जाच्या गर्दीतही नको.

जिनिंगवाला
एवढा खटाटोप कायले करता भाऊ? हिंगणघाटले आमच्या जिनिंगमध्ये पंधरा-वीस लोकं हायेत, आमी मागंच गूगल वर्कस्पेसवर गेलो. कापसाचा सीझन चालू झाला की गाड्यायची लाइन लागते, तवा कोण बसते सर्व्हरपाशी? महिन्याचे पैसे लागते, पण काम बिनघोर होते.

वर्धाकाठ
जिनिंगवाला भौ, पंधरा लोकायसाठी मीही तेच सांगतो, खोटं नाई. यायच्याकडं साठच्या वर मेलबॉक्स हायेत, माणशी दरमहा पैसे संचालक मंडळासमोर ठेवाव लागन, अन् लॉग कुठं ठेवता हे ऑडिटर विचारतेच. शिवाय मेल कुठंही ठेवा, डोमेन बदलाचं अर्ध दुखणं जसंच्या तसं राहते. ते गूगलवर गेल्यानं कमी नाई होत. म्हणून निर्णय त्यायचा, आपण रस्ता सांगू.

सातपुडा_पायथा
आल्मालिनक्स ९ बद्दल एक चांगलं सांगतो, त्यात डोव्हकॉट २.३ येतो. तुमची २.२ ची सेटिंग थोडी दुरुस्त करून चालेल. डेबियन १३ घेतलं असतं तर डोव्हकॉट २.४ आला असता अन् त्यात सेटिंगची मांडणीच बदलली आहे, जुनी फाइल तशीच ठेवली तर सर्व्हिस सुरूच होत नाही, सगळं परत लिहावं लागतं. म्हणजे एका वेळी एकच मोठी उडी घेताय हे बरंय.

पण आल्मा ९ मध्ये टीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करायची पद्धत) १.० अन् १.१ बंद असतं, तुमचे विंडोज ७ वाले आउटलूक तिथं अडकतील. विंडोज ७ ला टीएलएस १.२ येतं पण अपडेट अन् रजिस्ट्रीत बदल करून चालू करावं लागतं. ते सर्व्हर हलवायच्या आधीच करून घ्या. आणि शाखेत जे मोठं झेरॉक्स-स्कॅनर मशीन असतं, स्कॅन करून थेट मेल करणारं, ते बहुतेक जुनं असणार, त्याला १.२ येतच नसेल. त्याच्यासाठी शाखेच्या लॅनमध्येच छोटा पोस्टफिक्स रिले (मेल घेऊन पुढं पाठवणारा मधला सर्व्हर) ठेवा, फक्त त्या मशीनच्या आयपीला परवानगी, पुढं सर्व्हरपर्यंत रिले नीट टीएलएसनं जाईल. एका स्कॅनरसाठी मुख्य सर्व्हरची सुरक्षा उतरवू नका. ऑडिटर तेच पकडेल, आणि बरोबरच पकडेल.

कोण कोणत्या टीएलएसवर येतं हे आजच पाहता येतं. पोस्टफिक्समध्ये टीएलएसची लॉगलेव्हल १ करा, आठवडाभरात मेललॉगमध्ये सगळी यादी तयार. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, सीबीएसचे अलर्ट, बॅकअपची स्क्रिप्ट, जे कोणाच्या लक्षात नसतं ते सगळं तिथं दिसतं.

दारव्हा_लाइन
हे लॉगचं आजच लावतो. स्कॅनर दोन शाखांत आहेत, दोन्ही जुनेच.

मेल हलवायला आयमॅपसिंक (प्रत्येकाच्या नावानं लॉगिन करून मेल कॉपी करणारं) वापरू का? नेटवर सगळीकडं तेच सांगून राहिले. पण त्याला सगळ्यांचे पासवर्ड लागतील.

वर्धाकाठ
मेलडिरवरून मेलडिरवरच जाऊन राहिले ना, तं आयमॅपसिंकची गरजच नाई. आरसिंक (फायली जशाच्या तशा कॉपी करणारं) करा. आयमॅपसिंक तवा कामाचा जवा दोन्हीकडचे सर्व्हर वेगळ्या जातीचे हायेत अन् फाइलपर्यंत हात पोचत नाई.

आरसिंकमध्ये दोन गोष्टी लक्षात ठेवजा. प्रत्येक मेलबॉक्समध्ये डोव्हकॉट-यूआयडीलिस्ट नावाची फाइल राहते, ते जशीच्या तशी गेली पाह्यजे. ते राह्यली तं मेलचे नंबर बदलते, अन् पीओपी३ वाले ज्यायनं सर्व्हरवर कॉपी ठेवली हाये त्यायच्याकडं आख्खे जुने मेल परत उतरून येते. डोंगलवर चालणाऱ्या शाखेत हे झालं तं सोमवारचा दिवस गेलाच समजा. दुसरं, आधी चालू सर्व्हरवरच आरसिंक सुरू करा, आठवडाभर रोज रात्री फिरू द्या, अन् शनिवारी जुना डोव्हकॉट-पोस्टफिक्स बंद करून शेवटचा फेरा मारा. तो शेवटचा फेरा डिलीटचा पर्याय लावूनच. काऊन की मेलडिरमध्ये मेल वाचला की फाइलचं नाव बदलते, डिलीट नाई लावलं तं नव्या ठिकाणी जुन्या नावाची अन् नव्या नावाची अशा दोन फायली, म्हणजे डबल मेल.

मायएसक्यूएलचा डम्प नेला की पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) सोबत जाते, कोणालेच पासवर्ड मागाव लागत नाई. व्हीमेल युजरचा (मेलच्या फायली ज्याच्या मालकीच्या हायेत त्याचा) यूआयडी नंबर दोन्हीकडं सारखा ठेवजा, म्हणजे मालकीचा घोळ नाई. सिव्हच्या (मेलवरच्या आपोआप नियमायच्या) स्क्रिप्टा कुठं हायेत पाहून त्याही नेजा.

अन् बंद ठेवाले घाबरू नका. तुमचा सर्व्हर चार-सहा तास बंद राह्यला तं बाहेरचे सर्व्हर मेल रांगेत ठेवते अन् परत परत प्रयत्न करते, पोस्टफिक्सचाच डिफॉल्ट ५ दिवसाचा हाये. येणारा मेल हरवत नाई. घाईत अर्धवट चालू ठेवण्यापेक्षा बंद ठेवलेलं बरं.

कारंजा_लाड
वर्धाकाठ यांनी मुख्य ते सांगितलं, मी डीएनएसचं जोडतो. एमएक्स (डोमेनचा मेल कुठं जायचा ती नोंद) आणि सर्व्हरच्या ए रेकॉर्डचा (नावावरून आयपी सांगणारी नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती सेकंद जपून ठेवायची तो आकडा, आज ८६४०० असेल तर आधीच दोन दिवस तो ३०० वर आणून ठेवा, नाहीतर शनिवारी बदललं तरी कोणाकोणाला रविवारीही जुनाच आयपी दिसत राहील. नवीन सर्व्हरचा आयपी नवा असेल तर रिव्हर्स डीएनएस म्हणजे पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आयपी देणाऱ्याकडूनच लावून घ्यावा लागतो, तुमच्या डोमेनच्या पॅनलमध्ये तो होत नाही. अन् त्यांच्याकडून बाहेर जाणारा पोर्ट २५ उघडा आहे का तेही विचारा, भाड्यानं सर्व्हर देणारे बरेच व्हीपीएसवाले तो बंदच ठेवतात.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं पाठवणाऱ्या सगळ्यांनाच पीटीआर आणि एसपीएफ (तुमच्या नावानं कोणत्या सर्व्हरनं पाठवायचं ती यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यातलं एक तरी सक्तीचं केलंय, आणि रोज ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (या तपासण्या चुकल्या तर मेलचं काय करायचं तो नियम) तिन्ही. तुम्ही छोटे असला तरी तिन्ही लावाच, बँक आहे म्हटल्यावर तुमच्या नावानं कोणीही खोटे मेल पाठवणार. एसपीएफचा रेकॉर्ड एकच असतो, दोन टाकले तर तो बादच धरला जातो. डीमार्क आधी नन (काहीच करू नका) वर ठेवून रिपोर्ट पाहा, मग क्वारंटाइन, मग रिजेक्ट.

जुना सर्व्हर लगेच फॉरमॅट करू नका हेही महत्त्वाचं. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस, तेही भारतातच, सांभाळावे लागतात. जुन्या मशीनचे लॉग त्या मोजणीत येतात.

चिखलीवाली
चर्चा वाचतेय, फार उपयोगाची आहे. थोडं विषयाला सोडून विचारते, आमची पतसंस्था आहे, संचालक म्हणतात आपणही डॉट बँक डॉट इन घेऊ, लोकांचा विश्वास वाढेल. एक व्हेंडर तर करून देतो म्हणून मागे लागलाय. मिळतं का?

कारंजा_लाड
नाही ताई, मिळत नाही. ते डोमेन फक्त बँकांसाठी आहे आणि नोंदणी एकट्या हैदराबादच्या आयडीआरबीटीकडूनच (आरबीआयची बँक-तंत्रज्ञान संस्था) होते, डॉट इन सांभाळणाऱ्या निक्सीनं त्यांना तो अधिकार दिलाय. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली नोंदलेली असते, तिच्याकडं आरबीआयचा बँकेचा परवाना नसतो, आणि बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ७ प्रमाणे नावात बँक शब्दही वापरता येत नाही. जो व्हेंडर करून देतो म्हणतोय त्याला एक रुपयाही देऊ नका. साधं डॉट इन घ्या आणि त्यावर एसपीएफ-डीकेआयएम-डीमार्क नीट लावा.

चिखलीवाली
धन्यवाद सर, संचालकांना हेच दाखवते.

मूळ धाग्यासाठी माझ्याकडून एक. डोमेन बदललं की राउंडक्यूबमध्ये सगळ्यांचं अ‍ॅड्रेसबुक रिकामं दिसतं आणि लोक घाबरतात. राउंडक्यूब माणसाला लॉगिनचं नाव आणि मेलहोस्ट (मेल सर्व्हरचं नाव) या जोडीवरून ओळखतं, नाव बदललं की त्याच्या दृष्टीनं तो नवाच युजर. जुना डेटा डेटाबेसमध्येच असतो. लोकांनी नव्या नावानं लॉगिन करायच्या आधीच युजर्स टेबलमध्ये नाव बदलायचं आणि आयडेंटिटीज टेबलमध्ये मेल पत्ता बदलायचा. होस्टचं नाव बदलत असेल तर तेही. लॉगिन झाल्यावर केलं तर दोन-दोन नोंदी होतात आणि निस्तरत बसावं लागतं.

दारव्हा_लाइन
मंडळी, पहिला टप्पा झाला. दुसऱ्या शनिवारी सकाळी जुना बंद केला, शेवटचा आरसिंक फेरा तासाभरात संपला कारण आठवडाभर रोज फिरत होता. दुपारी एमएक्स बदलला, रात्रीपर्यंत रांगेतले मेल येऊन पोचले. सोमवारी पीओपी३ वाल्यांकडं एकही जुना मेल परत उतरला नाही. साहेबांना दोन टप्प्यांचं कारण सांगितलं तेव्हा ते म्हणाले लोकांना कळलंच नाही तर मग त्रास कसला, अन् परवानगी दिली.

एकच अडचण, जीमेलवर जाणारे मेल पहिले काही दिवस स्पॅममध्ये गेले. डीकेआयएम, एसपीएफ पास दिसून राहिलं होतं. पीटीआरमध्ये आयपी देणाऱ्यानं दुसरंच जेनेरिक नाव ठेवलं होतं, ते आमच्या मेल सर्व्हरच्या नावावर करून घेतलं, हॅलोचं (मेल देताना सर्व्हर स्वतःचं सांगतो ते) नावही तेच केलं, आता इनबॉक्समध्ये जातात.

आता डोमेन. जुन्या डोमेनवर येणारं सगळं नव्यावर वळवायला पोस्टफिक्सच्या व्हर्च्युअल फाइलमध्ये (पत्ते वळवायची यादी) एक ओळ टाकून आख्खं डोमेन वळवलं तर झालं ना?

वर्धाकाठ
अभिनंदन भाऊ, नीट केलं काम.

ते एक ओळ टाकू नका. आख्ख डोमेन एका ओळीत वळवलं की पोस्टफिक्स जुन्या डोमेनवरचं कोणतंही नाव खरं धरून घेते, हाये का नाई पाहतच नाई. मंग स्पॅमवाले हजार खोट्या नावानं पाठवते, तुमचा सर्व्हर आधी घेते अन् मंग नव्या डोमेनवर माणूस सापडला नाई म्हणून परत पाठवते, तेही ज्याच्या नावानं खोटा मेल आला त्या बिचाऱ्याले. तुमचा नवा आयपी लवकरच ब्लॅकलिस्टमध्ये. पोस्टफिक्सअ‍ॅडमिनमध्ये अलियास डोमेनची (एक डोमेन दुसऱ्याचं टोपणनाव कराची) सोय हाये, तिच्या क्वेरी लावा, त्या नव्या डोमेनवर मेलबॉक्स हाये का ते पाहूनच घेते.

मेलबॉक्सची नावं एसक्यूएलनं बदलताना नुसतं मेलबॉक्स टेबल बदलून भागत नाई, अलियास टेबलमध्येही प्रत्येक मेलबॉक्सची ओळ राहते. पण मेलडिरचा कॉलम तसाच राहू द्या, फोल्डर जुन्या नावाच्या वाटेवर पडून राह्यलं तं काही बिघडत नाई, १८० जीबी हलवाची गरज नाई. हे तवाच जवा डोव्हकॉट तो कॉलम वाचत असन, डोमेन-नावावरून वाट बनवत असन तं आधी ते सुधरा.

अन् डोव्हकॉटच्या पासवर्ड क्वेरीत अशी सोय करा की जुन्या नावानं लॉगिन केलं तरी नवं युजरनेम परत येते. मंग शाखेतले आउटलूक एकाच दिवशी बदलाव लागत नाई, एकेक शाखा घेत जा. सेंडर लॉगिनची तपासणी (लॉगिन केलेला माणूस आपल्याच पत्त्यावरून पाठवते का) लावली असन तं तिथं जुना-नवा दोन्ही पत्ते चालू ठेवजा.

सातपुडा_पायथा
ऑटो-रिप्लाय लावणार असाल की आमचा पत्ता बदलला, तर सिव्हच्या व्हेकेशनमध्ये जुना पत्ता अ‍ॅड्रेसेसमध्ये लिहावा लागतो. नाहीतर टू मध्ये जुना पत्ता असलेल्या मेलला तो उत्तरच देत नाही. एका माणसाला डिफॉल्टनं ७ दिवसांत एकदाच उत्तर जातं, ते तसंच ठेवा.

कारंजा_लाड
मला जुन्या डोमेनची काळजी जास्त वाटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घर बदललं तरी पोस्टमन जुन्या दारावर येतच राहतो, आणि ते दार उद्या दुसऱ्याच्या ताब्यात गेलं तर तुमची पत्रं तो उघडतो. डोमेनचं नूतनीकरण राहिलं की कोणीही ते विकत घेऊ शकतो, आणि घेतल्याबरोबर त्या पत्त्यावर येणारा प्रत्येक पासवर्ड रिसेट, प्रत्येक ओटीपी, प्रत्येक स्टेटमेंट त्याच्याकडं. साध्या दुकानाचं एक वेळ चालेल, इथं लोकांच्या ठेवी आहेत. त्यामुळं डॉट कॉम जास्तीत जास्त १० वर्षांसाठी भरता येतं तर भरून टाका, त्याचा खर्च संचालक मंडळाच्या ठरावात घ्या, म्हणजे पुढं कोणी वायफळ खर्च म्हणून काटणार नाही.

आणि हे आजच तपासा: डोमेन ज्या रजिस्ट्रारकडं (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडं) आहे त्या खात्याचा मेल पत्ता कोणता आहे? बहुतेक ठिकाणी तो त्याच डोमेनवरचा असतो. म्हणजे डोमेन बंद पडलं तर ते वाचवायची सूचना त्याच बंद पत्त्यावर. तिथं दुसऱ्या डोमेनवरचा पत्ता टाका, तोही एका माणसाच्या नावाचा नको, पदाचा हवा.

मग पोर्टल. जीएसटीवर अधिकृत सहीदाराचा मेल नॉन-कोअर दुरुस्तीत बदलतो. आयकर, टीडीएसचं ट्रेसेस, ईपीएफओ, आरबीआयची रिटर्न भरायची पोर्टल, डीआयसीजीसी (ठेव विमा), स्पॉन्सर बँक, एनपीसीआयशी (यूपीआय चालवणारी संस्था) संबंधित संपर्क, जिल्हा उपनिबंधक कार्यालय, विमा, वीज बिल. प्रत्येकापुढं बदलल्याची तारीख आणि पोच लिहून ठेवा.

ग्राहकांना कळवताना मेलमध्ये लिंक देऊन कळवू नका. "आमचा पत्ता बदलला, इथं क्लिक करा" हा मेल खरा असला तरी तो फसवणुकीच्या मेलसारखाच दिसतो आणि लोकांना वाईट सवय लागते. शाखेतल्या बोर्डवर लावा, पासबुक छापताना खाली ओळ येऊ द्या, बाजाराच्या दिवशी काउंटरवरून तोंडी सांगा.

जिनिंगवाला
कारंजा भौ, रजिस्ट्रारचं वाचल्यावर मी आमचं खातं उघडून पाह्यलं. पत्ता त्याच डोमेनवरचा होता, अन् तोही नोकरी सोडून गेलेल्या माणसाचा. बदलला आत्ताच. हे साऱ्यायनं पाहून घ्या बाप्पा.

दारव्हा_लाइन
आमचाही तसाच निघाला, बदलून घेतला. १० वर्षांचा ठराव येत्या सभेत ठेवून राहिलो.

डोमेनचा दुसरा टप्पा सुरू केला. राउंडक्यूबचं चिखलीवाली ताईंनी सांगितलं तसं आधीच केलं, अ‍ॅड्रेसबुक सगळ्यांचं जागेवर. मुख्य शाखा अन् एक शाखा नव्या नावावर आली, बाकीचे अजून जुन्या नावानं लॉगिन करतात अन् चालतं. आता जुन्या पत्त्यावर अजून कोण कोण पाठवून राहिलं हे कसं काढू? साठ जणांना विचारलं तर कोणी नीट सांगणार नाही.

वर्धाकाठ
विचाराची गरज नाई, लॉगमध्येच हाये. पोस्टफिक्स पत्ता बदलून मेल टाकते तवा डिलिव्हरीच्या ओळीत ओरिज-टू म्हणून मूळ पत्ता लिहिते. त्या ओळी जुन्या डोमेननं ग्रेप करा म्हणजे शोधा, क्यू आयडी (त्या मेलचा रांगेतला नंबर) घ्या, अन् त्याच आयडीची क्यूमॅनेजरची ओळ पाहा, तिथं पाठवणारा भेटते. महिन्यातून एकदा चालवा अन् नावं मोजून यादी काढा. वर्षातून एकदाच येणारे मेल असतेच, विम्याचं नूतनीकरण, मार्चअखेरचं पत्र, म्हणून निदान एक पूर्ण आर्थिक वर्ष तं पाहाच.

अन् जवा जुन्या डोमेनवरून तुमच्याकडून काहीच जात नसन, तवा त्याच्या एसपीएफमध्ये नुसतं मायनस ऑल (या नावानं कोणीच पाठवाचं नाई) ठेवा अन् डीमार्क रिजेक्टवर न्या. मेल घेणं चालू, पाठवणं बंद.

दारव्हा_लाइन
चालवलं. जुन्या पत्त्यावर सगळ्यात जास्त येणारं आमच्याच सीबीएसच्या रिपोर्टचं निघालं, ते व्हेंडरकडून बदलून घ्यायला पत्र दिलं. त्याखालोखाल एटीएमच्या स्विचचे (व्यवहार जोडून देणाऱ्या यंत्रणेचे) अलर्ट, एका शाखेचं वीज बिल, अन् दोन ठेवीदार जे बाहेरगावी राहतात अन् एफडीबद्दल मेलवरच विचारतात. त्या दोघांना शाखा व्यवस्थापकांनी फोन करून सांगितलं. एटीएमचं उद्या सकाळी घेतो, त्यांचा फॉर्म सही-शिक्क्यासह लागतो म्हणे.